डोळे झाकून वेल्डिंग

मला वेल्डिंग येतं का, असं गडमुडशिंगीच्या गणपतरावांनी विचारलं असतं तर मी खरं तेच सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. ते आमच्या राजारामपुरीतल्या घरी आले, टोपी काढून मांडीवर ठेवली, माझ्या बायकोनं, प्रभावतीनं दिलेलं ताक एका दमात संपवलं आणि म्हणाले, "सर, आमच्या पोरांस्नी वेल्डिंग शिकवाल न्हवं?"

त्यातला 'सर' हा शब्द माझ्या कानात शिरला आणि पुढचं सगळं धूसर झालं.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं वेल्डिंग इन्स्पेक्टर होतो. म्हणजे लोकांनी वेल्डिंग करायचं आणि मी वाकून, भिंग लावून ते बघायचं. चांगलं असेल तर खडूनं बरोबरची खूण, वाईट असेल तर फुली. शेडमध्ये आठ जण एकदम काम करत असले तरी कुणाचा हात घाईचा आहे आणि कुणाचा रॉड ओला आहे, हे मला नुसत्या आवाजावरून कळायचं. पण स्वतः होल्डर हातात धरायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. कारखान्यात मला समोर "ओ मगदूम" म्हणत आणि पाठीमागं "फुलीवाला". 'सर' कुणीच म्हणत नव्हतं.

गणपतराव हे निवृत्त हेडमास्तर. गावातल्या एका संस्थेचे सेक्रेटरी. ९७ साली संस्थेनं 'कम्युनिटी कॉलेज' काढलं होतं. गाव त्याला 'कमिटी कॉलेज' म्हणत असे, आणि तिथं कमिटीच्या मीटिंगा होतात अशा समजुतीनं निम्मं गाव तिकडं फिरकत नसे. शिवण आणि टायपिंग हे वर्ग चालू होते. आता वेल्डिंग काढायचं होतं. आमच्या कारखान्याला सोमवारी सुट्टी, तेव्हा दर सोमवारी सकाळी आठ ते एक मी शिकवावं असं ठरलं. ठरलं म्हणजे गणपतराव बोलत होते आणि मी मान डोलावत होतो. मी स्वभावानं तंद्रीत राहणारा माणूस आहे. स्कूटरवरून शिरोलीला निघून हातकणंगल्याला पोचलेलो आहे. त्या वेळी मी मनानं दहा वर्षं पुढं गेलो होतो. एसटी स्टँडवर एक धिप्पाड माणूस गर्दीतून वाट काढत येतो, वाकून नमस्कार करतो आणि बायकोला सांगतो, "हे माझं सर." मी त्याच्या पाठीवर हात ठेवतो. त्याचं नाव मला आठवत नाही, पण मी आठवल्यासारखं हसतो.

गणपतराव गेल्यावर प्रभावतीनं रिकामा पेला उचलला. "तुम्हाला येतं होय वेल्डिंग?"

"मला कळतं."

"मला गाणं कळतं," ती म्हणाली. "म्हणून मी पेटी घेऊन बसत नाही चौकात."

आता हे उत्तर नवऱ्याला द्यायचं उत्तर नव्हे. मी वर्तमानपत्र उघडून धरलं.

पहिल्या सोमवारी सकाळी निघालो तेव्हा थंडी होती. उचगाव मागं पडलं आणि दोन्ही बाजूंच्या उसावर धुकं असं पडलेलं होतं की रस्ता पुढं आहे की संपला, कळत नव्हतं. कुठंतरी गुऱ्हाळ चालू होतं. काहिलीतल्या उकळत्या रसाचा गोड वास धुक्यात मिसळला होता आणि मी त्या वासातून स्कूटर चालवत होतो की स्वप्नातून, हे मला आजही सांगता येणार नाही.

वर्गात सात विद्यार्थी होते. पाच जण उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करायची इच्छा असलेले तरुण. सहावा गुंडू, बँडपथकात ट्रंपेट वाजवणारा, चाळिशीचा. त्याचं ट्रंपेट चिरलं होतं आणि ते स्वतःच जोडायचं एवढ्यासाठी त्यानं सहा महिन्यांचा कोर्स घेतला होता. सातव्या तानूबाई कांबळे. पन्नाशीला आलेल्या, नऊवारी कासोटा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला. पहिल्या बाकावर बसून त्या माझ्याकडं अशा बघत होत्या की मी नकळत दोन वेळा माझा सदरा नीट आहे का ते पाहिलं.

"नमस्ते सर," सातही जण उभे राहून म्हणाले.

त्या क्षणी मला पाय जमिनीला लागल्यासारखे वाटेनात.

पुढचे चार सोमवार मी थिअरीवर काढले. धातूच्या पोटात काय असतं, तो तापला की त्याच्या मनात काय येतं, थंड होताना तो का आखडतो. हे मला खरंच येत होतं आणि मी मन लावून शिकवलं. लोखंड वितळतं तेव्हा ते क्षणभर आपण लोखंड आहोत हे विसरतं, असं काहीतरी मी म्हणालो आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन खिडकीबाहेर बघत राहिलो. भानावर आलो तेव्हा वर्गात सगळे वाट बघत होते.

"सर," तानूबाई म्हणाल्या, "मशीन कवा चालू करायचं?"

"आणि पितळ कवा, सर?" गुंडूनं विचारलं.

मशीन कोपऱ्यात गोणपाटाखाली होतं. पण वर्गाच्या शेडला जादा वीजभाराची मंजुरी नव्हती आणि ही माझ्या दृष्टीनं फार सोयीची गोष्ट होती. आमचे शेजारी भाऊसो हे वायरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "मगदूम, अर्ज, टेस्ट रिपोर्ट, पोलचं अंतर, सगळं धरून आठ महिनं. लिवून घ्या." मी मनात लिहून घेतलं होतं. आठ महिन्यांत कोर्सच संपणार होता.

वीज अर्ज दिल्यापासून नवव्या दिवशी आली. गणपतरावांचा एक जुना विद्यार्थी त्या कार्यालयात साहेब होऊन बसला होता. पाचव्या सोमवारी मी वर्गात पाऊल ठेवतो तर वीज मंडळाचा वायरमन पेढे खात बसलेला. माझ्या विद्यार्थ्यांबद्दल जी स्वप्नं मी बघत होतो ती गणपतरावांना आधीच फळली होती, आणि त्यांनी ती नेमकी माझ्यावर चालवली.

तो सोमवार मी 'सुरक्षितता' या विषयावर ढकलला. तेवढ्यात भिंतीपलीकडच्या गिरणीवाल्या केरबानं मदत केली. वायरमननं मशीन चालू करून पट्टीवर एक ठिणगी पाडून दाखवली, तशी पलीकडं गिरणी आजारी म्हशीसारखी हंबरली आणि केरबा अंगभर पीठ घेऊन दारात आला.

"पावणं! तुमी हिकडं ठिणगी पाडली की तिकडं माझं जातं बसतंय! निम्मं दळाण पीठ आन् निम्मं भरडा! बायका मला काय म्हणतील?"

त्याची समजूत घालण्यात बारा वाजले. गिरणीही चालू राहील आणि मशीनही, अशा बेतानं वायरमननं मशीनच्या करंटची सेटिंग वाढवून दिली. पुढच्या सोमवारी मात्र सुटका नव्हती.

रविवारी मी शिवाजी उद्यमनगरातून एक जुनं वेल्डिंग मशीन भाड्यानं आणलं, दोन हमालांकडून गच्चीवर चढवलं आणि भाऊसोंच्या सल्ल्यानं वायर सरळ खालच्या मीटरपेटीला जोडली. "काय हुत न्हाय," भाऊसो म्हणाले. छत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस ठामपणे सांगतोय म्हटल्यावर मीही निर्धास्त झालो. दुपारचे साडेतीन वाजले होते. वन-डे मॅच चालू होती आणि अख्खी गल्ली टीव्हीला चिकटली होती.

मी वेल्डिंगची काळी काच तोंडासमोर धरली. जग नाहीसं झालं. गच्ची नाही, टाकी नाही, वाळत घातलेल्या सांडग्यांची ताटं नाहीत; नुसता गडद हिरवा अंधार. मी रॉड पट्टीवर टेकवला. तो चिकटला. ओढला, निघेना. हलवला, तो लालभडक झाला. दुसरा घेतला, तोही चिकटला. काचेतून काहीच दिसत नाही म्हणून मी प्रत्येक वेळी काच बाजूला करून जागा बघायचो आणि तेवढ्यात ठिणगी पडायची. अशा वीस-पंचवीस ठिणग्या मी उघड्या डोळ्यांनी बघितल्या. वाईट सांगायचं तर त्या फार सुंदर होत्या. निळसर पांढऱ्या, कडेला जांभळ्या. दर ठिणगीनंतर डोळे मिटले की पापण्यांच्या आत एक हिरवा चंद्र उगवायचा आणि हळूहळू डावीकडं मावळायचा. मी त्या चंद्रांच्या नादी लागलो.

दर चंद्राला गल्लीतल्या सगळ्या टीव्हींवरचं चित्र आक्रसत होतं, हे मला खाली गेल्यावर कळलं. शेवटच्या षटकात नऊ धावा हव्या असताना माझा रॉड पुन्हा चिकटला आणि गल्लीचा फ्यूज उडाला. मॅच कोण जिंकलं हे आमच्या गल्लीला कोल्हापुरात सगळ्यांत शेवटी समजलं. आमच्या दाराशी पंधरा माणसं जमली. भाऊसो त्यांच्यात सर्वांत पुढं होते. "कुणी जोडली ही वायर असली?" ते गरजले. मी त्यांच्याकडं बघत राहिलो. पण मला ते नीट दिसत नव्हते.

पहाटे डोळ्यांत मूठभर वाळू घातल्यासारखं झालं. उघडले की पाणी, मिटले की आग. कारखान्यात आर्कचा, म्हणजे ठिणगीचा उजेड डोळ्यांत जाऊन असं झालेले लोक मी पाहिले होते आणि "काळजी घेता येत नाही?" असं त्यांना वरून बोललोही होतो. भाऊसो पहाटेच आले, कदाचित पश्चात्तापानं. "बटाट्याच्या चकत्या ठेवा डोळ्यावर. जालीम हाय."

इथं एक अडचण होती. आमच्या घरात बटाटा येत नाही. आम्ही जैन; प्रभावती कंदमूळ वर्ज्य मानते. तिचे व्रतनियम कडक.

"खायचा नाहीये," मी डोळे मिटून म्हणालो, "लावायचा आहे."

"लावला तरी अंगात मुरतोच की," ती म्हणाली. मग तिचा आवाज आला, जरा मऊ झालेला. "भाऊसो, तुमच्या घरात कापून आणा. आणि चकत्या यांनी जिन्यात बसून लावायच्या. उंबऱ्याच्या आत नाही."

म्हणून एका वेल्डिंग इन्स्पेक्टरनं सोमवारची सकाळ जिन्याच्या चौथ्या पायरीवर, डोळ्यांवर बटाटा बांधून सुरू केली. डॉक्टरकडं जाऊन थेंब घालून आलो. त्यांनी विश्रांती घ्यायला सांगितली. पण सुट्टी टाकायची तर गणपतरावांना कारण सांगावं लागणार. मी भाऊसोंच्या लुनावर मागं बसलो, डोळ्यांवर ताज्या चकत्या, वर रुमाल, वर काळा चष्मा. उचगावानंतर गुऱ्हाळाचा वास आला तेव्हा समजलं, अर्धं अंतर झालं.

वर्गात शिरताच तानूबाईंचा आवाज आला. "सर, आर्क मारला व्हय डोळ्यात?"

"थोडा."

त्या काही बोलल्या नाहीत. पण जी बाई काही बोलत नाही तिला सगळं कळलेलं असतं, हे वीस वर्षांच्या संसारात मला समजलं होतं. वर्षानुवर्षं वेल्डिंग करणाऱ्याचे डोळे असे जात नाहीत. थोड्या वेळानं त्या मोठ्यानं म्हणाल्या, "सरांचं डोळं दुखत्यात. सर बाकावर पडून सांगतील, मी मशीन लावतो. गुंडूदादा, तुमी आदी या."

मी बाकावर आडवा झालो. पलीकडं केरबाची गिरणी घुमत होती. पत्र्याच्या छपरावर चिमण्या नाचत होत्या. मग आर्क लागला. अंधारात पडून तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. चांगलं वेल्डिंग कढईत भजी पडल्यासारखं एकसारखं चुरचुरतं. हे मला शेडच्या गोंगाटात माहीत होतं, पण इथं शांततेत त्याला एक लय होती, लांबून येणाऱ्या पावसासारखी. मी तंद्रीत गेलो आणि तंद्रीतच माझ्या तोंडून निघालं, "गुंडू, घाई होतेय. हात आवर."

आवाज थांबला. "आईशप्पथ," गुंडू म्हणाला.

दुसरा आला. "रॉड लांब धरलायस. खाली घे." तिसरा आला. "करंट कमी पडतोय, केरबानं गिरणीत नव्या दळणाचा डबा टाकला वाटतं." एक जण पळत जाऊन बघून आला. टाकला होता.

मग एक आवाज सुरू झाला आणि मला बोलायला काही उरलंच नाही. सलग, मऊ, कुठंही न अडखळणारा. रॉड संपेपर्यंत मी श्वास रोखून ऐकला. "हे कुणाचं?" मी विचारलं.

"माझं, सर," तानूबाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की कमिटी कॉलेजचे सर डोळे झाकून वेल्डिंग शिकवतात. पुढच्या सोमवारी माझे डोळे बरे झाले होते, पण खिडकीत बायका-पोरांची गर्दी आणि गणपतराव दोन पंचांना घेऊन आलेले. "सर, जरा डोळं झाकून..." मला पुन्हा बाकावर आडवं व्हावं लागलं. त्या महिन्यात शेजारच्या तीन गावांतून माणसं बघायला आली. एक म्हातारे आपल्या गुडघ्याबद्दलही विचारून गेले.

मला हे सगळं आवडत होतं, हे कबूल केलं पाहिजे. आपण खोटं बोलत नाही आहोत, फक्त कुणी विचारलेलं नाही, असं मी स्वतःला समजावत होतो. वर्ग सुटल्यावर तानूबाई मागं थांबायच्या आणि भांडी घासावीत तशी मशीनची धूळ पुसायच्या. एकदा मीच म्हणालो, "तुम्हाला कोर्सची गरजच नाही. तुम्ही माझ्याकडं का आलात?"

त्यांनी फडकं झटकलं. "मालकांचा हात लुळा पडला त्याला अकरा वर्सं झाली. तवापास्नं वर्कशॉप मीच चालवतो. पर शिरोलीचं काम येतं तवा इचारत्यात, वेल्डर कोण? मग दीर हाय माझा, बुद्धभूषण, त्यो फुडं हुबा ऱ्हातो. त्येला रॉड सुदिक धरता येत न्हाय. वेल्ड माझं, नाव त्येचं." त्या माझ्याकडं न बघता बोलत होत्या. "कागद पायजे, सर. माझ्या नावाचा."

थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुमचं कान लई चांगलं हाईत. हात न्हाय, ते मला पैल्या दिवशीच कळलंतं. मी कुणाला बोललो न्हाय."

मी घरी आलो. त्या दिवशी धुकं नव्हतं, तरी रस्ता मला दिसला नाही.

सहा महिने संपत आले तेव्हा परीक्षा मंडळाचा जाडजूड फॉर्म आला. गणपतरावांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला. परिशिष्ट ड, रकाना अकरा: 'प्रशिक्षकाने स्वहस्ते केलेला जोडकामाचा एक नमुना सोबत जोडावा. अन्यथा केंद्राचा निकाल राखून ठेवण्यात येईल.' खाली सहीची जागा आणि छापील वाक्य: 'सदर काम मी स्वतः केले आहे.'

"हा तर तुमच्या डाव्या हातचा मळ," गणपतराव हसले.

"डोळं झाकून," एक पंच म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी मी सातलाच पोचलो. टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू होती. उघडून बघितली. दोन पट्ट्या, मधोमध एक वेल्ड. नदीच्या ओल्या वाळूवर पाणी ओसरताना सोडून जातं तशा सारख्या, बारीक लाटा. एकोणीस वर्षांत मी एवढं देखणं काम दोन-तीनदाच पाहिलं असेल. तानूबाई दारात उभ्या होत्या.

"करून ठेवलंय. तुमी नुस्ती सही करा. कोण बघतंय?"

मी पेन काढलं. खरं सांगतो, टोपण उघडून माझ्या नावाचं पहिलं अक्षर, 'ने', लिहिलंही. त्या 'ने'पाशी हात थांबला. बुद्धभूषणाला मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्या क्षणी तो मला स्पष्ट दिसला: दुसऱ्याच्या वेल्डसमोर छाती काढून उभा असलेला माणूस. त्याचा चेहरा माझ्यासारखाच होता.

"तानूबाई, याच्यावर नाव घालायचं तर तुमचंच घालता येईल," मी म्हणालो. "मला दोन कोऱ्या पट्ट्या द्या."

"सर, निकाल अडकंल की वो आमचा!"

"नमुना जोडावा असं लिहिलंय. जोडतो."

अकराला परीक्षक हेरवाडकर आले. शांत, कृश गृहस्थ. कानात कापसाचा बोळा. सातही विद्यार्थ्यांनी आपापलं काम केलं आणि हेरवाडकर प्रत्येक पट्टी टेबलावरच्या शिकंज्यात धरून वाकवत गेले. एकही तुटली नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "प्रशिक्षकांचा नमुना?"

"आता करतो," मी म्हणालो. "पण आधी सांगतो. मला वेल्डिंग येत नाही."

शेडमध्ये हशा उसळला. "सर लई चेष्टा करत्यात," गुंडूनं हेरवाडकरांना समजावलं.

"खरंच येत नाही."

"मोठ्या माणसांचं असंच असतं," गणपतराव गहिवरून म्हणाले.

मी काच उचलली. तेवढ्यात पलीकडचा केरबा ओरडला, "थांबा सर! तुमच्यासाठी गिरणी बंद करतो! फुल करंट घ्या!" अख्ख्या सहा महिन्यांत त्यानं कुणासाठी गिरणी थांबवली नव्हती. पट्टा फडफडत थांबला. सगळीकडं शांत झालं. हा सन्मान बघून माझा ऊर भरून आला आणि एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. मशीनची सेटिंग गिरणी चालू असण्याच्या हिशोबानं वाढवलेली होती.

मी रॉड टेकवला आणि तो बॉम्बसारखा पेटला. काचेतून मला एक प्रचंड हिरवा सूर्य दिसला, मग त्या सूर्याच्या मधोमध एक भोक, मग त्या भोकातून टेबलाखाली ठेवलेली माझी जेवणाची पिशवी. घाबरून मी उरलेली रेघ अशी ओढली की पट्टीवर थेंब, डोंगर आणि खड्डे एकदमच तयार झाले. तानूबाईंनी पेटलेल्या पिशवीवर वाळू टाकली.

हेरवाडकरांनी तो नमुना पकडीत उचलला. शिकंज्यापर्यंत नेईपर्यंतच त्याचे दोन तुकडे झाले.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. गुंडूनं हळूच आपली टोपी काढली. गणपतराव माझ्याकडं असे बघत होते, जणू मी त्यांना ताकाऐवजी चुना पाजला होता. माझे कान लाल झाले होते आणि तरीही, कसं सांगू, छातीत कुठंतरी एक खिडकी उघडल्यासारखं गार वाटत होतं.

"यांच्यामुळं माझ्या पोरांचं..." गणपतरावांनी माझ्याकडं पाठ फिरवली. तानूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

हेरवाडकरांनी फॉर्म उलगडला. रकाना अकरा एकदा वाचला. बाहेर उजेडात नेऊन पुन्हा वाचला. कानातला बोळा काढला, जणू तिसऱ्यांदा ऐकून बघायचा होता. मग म्हणाले, "नमुना 'जोडावा' असं आहे. तो उत्तीर्ण असावा, असं कुठंही म्हटलेलं नाही." त्यांनी दोन्ही तुकडे सुतळीनं एकमेकांना बांधले, चिठ्ठी लावली आणि माझ्यापुढं पेन धरलं. "हे तुम्हीच केलंय, याबद्दल कुणाला शंका नसावी."

मी सही केली. पूर्ण नाव, नेमगोंडा भूपाल मगदूम.

निकाल महिन्यानं आला. सातही पास, तानूबाई केंद्रात पहिल्या. शेवटच्या ओळीत: प्रशिक्षक, अनुत्तीर्ण. प्रभावतीनं ते पत्र दोनदा वाचलं. "आपल्या ऐश्वर्याला शाळेत गणितात पस्तीस पडले तेव्हा तुम्ही तीन दिवस जेवला नव्हता," ती म्हणाली. "आज जेवणार ना?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिनं ताट वाढलं. आमटी नेहमीपेक्षा चांगली झाली होती.

पुढच्या बॅचला प्रशिक्षक कोण, हा प्रश्न गणपतरावांपुढं होता. नियम काढून बघितले: मंडळाचं प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष कामाचा पाच वर्षांचा अनुभव. पंचक्रोशीत असं माणूस एकच निघालं. जूनमधल्या एका दुपारी तानूबाई आमच्या घरी आल्या. चपला जिन्यातच काढल्या. पिशवीत गावरान आंबे आणि प्रमाणपत्राची झेरॉक्स. झेरॉक्स त्यांनी माझ्या हातात दिली आणि मी वाचून होईपर्यंत उभ्याच राहिल्या.

"वर्कशॉपवरचा बोर्ड बदलला," त्या म्हणाल्या. "बुद्धभूषणानंच रंगवला. रंगकाम चांगलं जमतंय त्येला." मग खुर्चीच्या कडेवर टेकल्या. "सर, तुमची जागा घेतल्यागत वाटतंय."

"जागा घ्या. मला फक्त एक प्रवेशअर्ज पाठवून द्या."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. माझं कुणी खरं मानतच नव्हतं.

तर असा मी त्या वर्षी सोमवारी सकाळी आठ ते एक, दुसऱ्या बाकावर बसू लागलो. थिअरी असली की तानूबाई फळ्यापाशी मला बोलवत आणि प्रॅक्टिकलला बाकावर परत पाठवत. त्या फार कडक होत्या. माझे रॉड चिकटत, पट्ट्या जळत, आणि त्या एकच शब्द म्हणत, "परत." गुंडूही अधूनमधून येऊन बसे, त्याचं ट्रंपेट अजून चिरलेलंच होतं.

श्रावणातल्या एका सोमवारी गिरणी एका सुरात घुमत होती, पत्र्यावर रिमझिम चालली होती आणि मी काच धरली. तो हिरवा अंधार आला. रॉड टेकवला आणि तो चिकटला नाही. समोर लोखंडाचा एक थेंब थरथरत होता, तळ्यासारखा, काठावर प्रकाश. मी हात सरकवला तसं तळं माझ्याबरोबर निघालं. मी थांबलो की थांबायचं, निघालो की निघायचं. आणि आवाज! आतापर्यंत बाहेरून ऐकलेला तो आवाज माझ्याच मनगटातून येत होता. कारखाना, गल्ली, राजारामपुरी, सगळं काचेपलीकडं राहिलं. पट्टी संपली हे मला कळलंच नाही. रॉड संपेपर्यंत मी तसाच चालत राहिलो.

काच खाली घेतली तेव्हा सगळे टेबलाभोवती उभे होते. पट्टी संपून माझी रेघ टेबलावर गेली होती आणि पट्टी टेबलाला पक्की जोडली गेली होती. वरची काळी खपली थंड होता होता आपोआप वळली आणि चांगल्या वेल्डची सुटते तशी टकटक करत सुटून पडली.

पट्टी सोडवायला तानूबाईंनी हातोडा घेतला आणि तिच्यावर चार घाव घातले. मग गुंडूनं घातले. मग पलीकडून केरबाला बोलावलं. तो पीठ झटकून, लुंगी वर बांधून आला आणि पहार घेऊन दहा मिनिटं झटला. टेबल हललं, शेडचा पत्रा वाजला, चिमण्या उडाल्या.

तानूबाईंनी वाकून वेल्डवरून अंगठा फिरवला. पार टोकापर्यंत नेला, परत आणला.

"न्हाय निघायचं आता," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे तितंच."